दारात उभी राहिलेली बाहुली

त्या वर्षांत मला हसायची भीती वाटायची.

खोकल्याची आणि शिंकेचीही वाटायची, पण ती काही रोज येत नाहीत. हसू मात्र रोज यायचं. मी अमरावतीला मुलींच्या वसतिगृहात पोळ्या करायला होते आणि तिथे सकाळ-संध्याकाळ थट्टेशिवाय दुसरं काही चालायचंच नाही. कुणी सरांची चाल करून दाखवायची, कुणी वरणात डाळ शोधायला टॉर्च मागायची. हसू आलं की मी लाटणं खाली ठेवून मागच्या मोरीत जायचे, भिंतीला धरून पाय आवळून उभी राहायचे आणि हसू विरल्यावर बाहेर यायचे. मुलींना वाटायचं, मावशीला थट्टा आवडत नाही. बिचाऱ्या मला पाहून गप्प व्हायच्या.

खरं कारण असं होतं, की धाकट्याच्या बाळंतपणानंतर माझं अंग बाहेर येत होतं. आमच्याकडे बायका असंच म्हणतात. बाळंतपण झालं तो कापूस वेचणीचा हंगाम होता. सव्वा महिना पुरा व्हायच्या आत मी ओटी बांधून पऱ्हाटीत वाकले होते. कापूस हलका असतो, पण भरलेलं गाठोडं हलकं नसतं. तेव्हापासून ओझं उचललं, उकिडवं बसलं, जोरात हसलं की गर्भाची पिशवी खाली उतरायची. आडोशाला जाऊन हाताने आत सारायची आणि पुन्हा कामाला लागायचं. आईला सांगितलं नाही, जावेला नाही, ह्यांना तर नाहीच. धाकटा माझ्या खांद्याला लागला तरी हे कुणाला ठाऊक नव्हतं.

आमचं गाव दर्यापूरकडचं. कापसाने लागोपाठ दगा दिला तेव्हा शेत दिरांकडे ठेवून आम्ही अमरावतीला आलो. ह्यांना कॉलेजच्या फाटकावर चौकीदारी मिळाली आणि फाटकाच्या आत दोन खोल्या. मी चौथी शिकलेली, पण पोळ्यांना चौथीही लागत नाही. फाटकासमोर खालाचं शिलाई मशीन होतं. तिचं नाव काहीही असो, मुली तिला खाला म्हणायच्या म्हणून मीही म्हणायला लागले. माहेर अंजनगाव सुर्जीचं, जीभ अर्धी हिंदी अर्धी वऱ्हाडी, आणि आवाज असा की तिने पलीकडे दोरा मागितला तर इकडे मी उठायचे. माझ्या वाट्याचं बोलणंही तीच करायची.

त्या दिवसांत आमच्या भागातल्या गावांत जीपगाड्या फार यायच्या. शहरातले लोक उतरायचे, पारावर बसायचे, पुरुषांना बियाणं विचारायचे, पाऊस विचारायचे, भाव विचारायचे. बायका चहा करायच्या. मग समाजकार्य शिकवणाऱ्या मॅडमनी आमच्या वसतिगृहातल्या मुलींना सांगितलं, तुम्ही बायकांना त्यांच्या तब्येतीचं विचारा. मुली गावोगाव गेल्या आणि तशाच परत आल्या. एकजण पोळी खाताना म्हणाली, "मावशी, सगळ्या बाया एकच सांगतात. आमाले काई नाई झालं. कंबर दुखते का? नाई. अंगावरून जाते का? नाई. येवढं ठणठणीत गाव मी पायलंच नाई!"

मी पोळी फिरवत राहिले. मला विचारलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं.

यातून मॅडमनी वेगळीच वाट काढली. कॉलेजात कॉम्प्युटरची नवी खोली झाली होती. कॉम्प्युटरच्या आत म्हणे एक जग असतं. दिसायला खेळासारखं, पण त्यात जिंकायचं-हरायचं नसतं. तिथे जागा मिळते, तिच्यावर घरं बांधायची, झाडं लावायची. प्रत्येकाची एक बाहुली. तुम्ही अमरावतीत बसून तुमची बाहुली चालवायची, अकोल्यातल्या माणसाने त्याची, आणि दोन्ही बाहुल्या त्या जगात समोरासमोर उभ्या राहून बोलणार. अकोल्याला डॉक्टरकी शिकणारी मुलं-मुली होती. त्यांनी दवाखाना बांधायचा, आमच्या मुलींनी गाव. त्यांना आजार कळत होते आणि आमच्या मुलींना गाव कळत होतं. दोघांनी मिळून शिकायचं, की बायकांशी तब्येतीचं बोलावं कसं. गाव बांधून झालं, दवाखाना झाला, आणि मग कळलं, की गावात बाई नाही.

रिद्धपूरकडची एक चष्मेवाली मुलगी मला घ्यायला आली.

"मावशी, तुमी चाला आमच्यासंगं. गावात राहाले बाया पायजेत."

"मले नाई येत वं त्यातलं काई."

"नाई येत म्हणूनच पायजे. येते त्या आमी आहोच ना."

मी कणीक मळता मळता मान हलवली. मान हलवणं हेच माझं बोलणं होतं. पण दारात खाला उभी होती, एका मुलीचा ब्लाऊज द्यायला आलेली.

"मैं आती. और ये भी आती," ती म्हणाली. "इसकू बोलना मत, घेऊनच जायचं."

तसं खरोखर घेऊनच गेले मला. मेसमध्ये भाजी चिरणाऱ्या दोघीही आल्या. चपला बाहेर काढून आम्ही त्या थंड खोलीत शिरलो. एकेका पडद्यासमोर एकेकीला बसवलं. चष्मेवाली माझ्यामागे उभी राहिली आणि म्हणाली, "ही तुमची."

पडद्यावर एक गोरी, उंच बाई उभी होती. अंगात जीन्स, केस मोकळे. मी पदर सावरला. तिला कुठला पदर? मला इतकी लाज वाटली, की जणू मीच तशी चौकात उभी आहे.

"हिले लुगडं नाही का?"

"शिवलं नाई अजून, मावशी."

खाला पलीकडून ओरडली, "शिवायचं असन तर माप देनाऽ!"

मुलींनी तिथल्या तिथे खटपट करून माझ्या बाहुलीला लाल पातळ नेसवलं. निऱ्या काही जमल्या नाहीत. पण डोक्यावर पदर आला आणि माझा जीव भांड्यात पडला. बाणाचं बटण दाबलं की ती चालायची. मी दाबलं. ती चालली. मी थांबले. ती थांबली. मागच्या बाजूने तिला पाहताना मला वाटलं, मी चालताना अशीच दिसते का? पण ती माझ्यासारखी पाय आवळून चालत नव्हती. लांब लांब ढांगा टाकत, हात हलवत चालली होती. मी कडुलिंबापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. चष्मेवाली म्हणाली, "मावशी, गाव पाहा की!" पण मला चालण्यातच मजा येत होती.

तेवढ्यात खालाने कुठलंसं बटण दाबलं आणि तिची बाहुली उडाली. त्या जगात उडता येतं, हे मुलींनी आम्हांला मुद्दाम सांगितलं नव्हतं. खाला खुर्चीतून अर्धी उठली. "अगे माय! मैं तो चली! रोको!" मुली म्हणाल्या, उतरायचं बटण दाबा. खाला म्हणाली, "उतरूं कायको? अब्बी तो आई." आणि ती गावावरून, विहिरीवरून घिरट्या घालत सुटली. भाजीवाल्या दोघी पोट धरून हसत होत्या. मलाही हसू फुटलं, आणि मी दोन्ही हात मांडीत दाबून उठले आणि बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. थोड्या वेळाने चष्मेवाली आली. "मावशी, काई चुकलं का आमचं?" मी मान हलवली. तिला काय कळणार, हो की नाही?

पुढच्या आठवड्यात दवाखान्यात जायचं होतं. अकोल्याच्या मुली आत वाट पाहत होत्या. गावाच्या टोकाला त्यांनी छान पांढरी इमारत बांधली होती, हिरवं दार, आत बाकडी, भिंतीवर बाळाचं चित्र. कानाला आवाजाचं यंत्र लावलं होतं, त्यातून अकोल्याची कुजबुज ऐकू यायची आणि त्याच्याच दांडीत तोंडाजवळ बोललं की आपलं तिकडे जायचं. आम्ही चौघी आपापल्या बाहुल्या चालवत निघालो. दारापर्यंत आलो आणि थांबलो.

आत अकोल्याच्या बाहुल्या ओळीने उभ्या. बाहेर आमच्या. बराच वेळ कुणीच हललं नाही.

"हॅलो अमरावती," अकोल्याहून आवाज आला. "नेट अडकलं का?"

आमच्या मुलींनी वायरी हलवून पाहिल्या. "नाही, चालू आहे."

"मग तुमची माणसं गोठलीत. बंद करून पुन्हा सुरू करा."

चष्मेवालीने माझ्याकडे वाकून पाहिलं. "मावशी, बटण काहून नाई दाबून राहिल्या? दार उघडंच आहे."

मला सांगता येईना. गावी असताना एकदा मी खरोखरच हिंमत करून सरकारी दवाखान्यापर्यंत गेले होते. दार असंच उघडं होतं. आत नर्सबाई काहीतरी लिहीत होती. मी दाराला धरून उभी राहिले. तिने वर पाहिलं नाही. थोड्या वेळाने बस आली आणि मी बसमध्ये बसून घरी आले. कुणाच्याही उंबऱ्यात आपण उभं राहिलो, की आतून कुणीतरी या म्हणतं, मगच पाय आत पडतो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आणि बाहुली झाली तरी पाय माझेच होते.

खालाने यंत्र तोंडाजवळ ओढलं. "अरे अकोला! अंदर से किसीने आओ बोला क्या? घर में मेहमान आए तो देखते बैठते क्या तुम्हारे इधर?"

 मग तिकडे कुणीतरी फुसकन हसलं, मग सगळेच. एक दोन वेण्यांची बाहुली धावत उंबऱ्यावर आली आणि कानात एका मुलीचा गोड आवाज आला, "या ना मावशी, या! या ना खाला!"

हे ऐकलं मात्र, आम्ही चौघींनी एकदम बटणं दाबली आणि चारही बाहुल्या दारात अडकल्या. आता खरंच गोठलो होतो. त्या दिवशी आम्हांला सोडवण्यातच सगळा वेळ गेला.

मॅडम जाताना दारात थांबल्या आणि मुलींना म्हणाल्या, "आपण बाकड्यांचा रंग ठरवायला तीन बैठका घेतल्या."

संक्रांत होऊन गेली होती आणि रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू चालू होतं. अकोल्याच्या मुलींनी डोकं चालवलं. त्यांनी दवाखान्यातच हळदीकुंकू ठेवलं आणि आमच्या मुलींना मेसमध्ये पाठवून रीतसर बोलावणं केलं. आता बोलावणं आल्यावर जाणं भागच. दारात दोन वेण्यांची बाहुली उभी, हातात करंडा. सतरंजी घातलेली. अकोल्याच्या डॉक्टरीणबाई, म्हणजे त्या मुलींना शिकवणाऱ्या, त्यांचीही बाहुली निळ्या साडीत मांडी घालून बसली होती. खालाला कुंकवाऐवजी गुलाबाचं फूल. सगळं बेतशीर. फक्त कुंकू लावलं ते माझ्या कपाळाला न लागता वीतभर पुढे हवेत लटकलं. मी मान वळवली की तेही वळायचं. मी चालले की ते पुढे चालायचं.

"मावशी, थांबा, काढते!" अकोल्याची मुलगी ओरडत होती.

"राहू दे गं," भाजीवाली म्हणाली, "वाट दाखवून राहिलं तिले."

मी पुन्हा बाहेर. भिंत, आवळलेले पाय, तोंडात पदराचा बोळा. पण त्या दिवशी भिंतीला टेकून उभी असताना मला पहिल्यांदा माझाच राग आला. आत सगळ्या हसत होत्या आणि मी इथे चुना खरवडत होते.

परत येऊन बसले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, "इथे कुणाचं तोंड कुणाला दिसत नाही. काही विचारायचं असेल तर विचारा."

 मग भाजी चिरणारी एकजण म्हणाली, "माह्या जावेचं विचारायचं होतं जी. तिच्या अंगावरून पांढरं जाते." डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. मग दुसरी म्हणाली, "माह्याही जावेचं एक होतं." तिच्या जावेला पाळीच्या आधी पोटात कळा यायच्या. मग खाला म्हणाली, "मेरी देवरानी का घुटना…"

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या नवऱ्याला भाऊच नव्हता.

अकोल्याला वाटलं असेल, अमरावतीत जावांची साथ आली आहे. मला पुन्हा हसू यायला लागलं, पण या वेळी मी उठले नाही. मी यंत्र ओठांजवळ ओढलं. पडद्यावर लाल पातळातली ती उंच बाई ताठ बसली होती, कपाळापुढे कुंकू तरंगत होतं. तिला पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं, "माह्या जावेचं अंग बाहेर येते जी. लय वर्सं झाली. हासलं तरी येते."

 मी पडद्यावरून नजर हलवली नाही.

डॉक्टरीणबाई अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "हो, हे पुष्कळ बायकांना होतं. तुमच्या जावेला सांगा, घाबरायचं काही कारण नाही. याच्यावर उपाय…"

आणि लाईट गेली.

लोडशेडिंगची वेळ त्या आठवड्यात बदलली होती. पडदे काळे झाले, पंखे थांबले, अकोला गेलं. मी त्या काळ्या पडद्यात माझं तोंड पाहत बसले. उपाय आहे म्हणणार होत्या, की उपाय नाही म्हणणार होत्या? पुढचा आठवडाभर पोळ्या लाटताना मी ते वाक्य पुरं करत होते. एकदा चांगलं पुरं करायचे, एकदा वाईट. त्या आठवड्यात माझ्या पोळ्यांचे सगळे नकाशे झाले आणि मुलींनी मुकाट्याने खाल्ले.

चष्मेवालीला कळलं असावं. पुढच्या आठवड्यात तिने मला कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसवलं, दोन्ही कान झाकणारं यंत्र दिलं, आणि बाकीच्यांना गाव दाखवायला घेऊन गेली. खालाला उडायला सांगितलं. खाला लगेच उडाली.

दवाखान्यात फक्त दोन बाहुल्या होत्या, माझी आणि निळ्या साडीतली.

"जाऊबाई कशा आहेत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तशीच आहे जी."

मग त्यांनी पुरं वाक्य सांगितलं. उपाय आहे. लाज वाटावी असं यात काही नाही, बाळंतपण आणि ओझी यांनी आतले स्नायू सैल होतात. रबराची कडी बसवता येते, ती आतला अवयव सावरून धरते. स्नायू आवळायचा व्यायाम असतो. गरज पडली तर ऑपरेशन. "पण आधी तपासायला हवं. अमरावतीतही दवाखाना आहे, तिथे दाखवा. किंवा अकोल्याला माझ्याकडे या."

अमरावतीच्या दवाखान्यात आमच्या कॉलेजची अर्धी माणसं औषधाला जायची. मी म्हणाले, "अकोल्याले येते." मग आठवण झाली आणि म्हणाले, "म्हणजे, तिले घेऊन येते."

"हो, तिला घेऊनच या," त्या म्हणाल्या. त्यांच्या बाहुलीच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, पण आवाजात हसू होतं.

आता ह्यांना सांगायचं होतं. अकोल्याला जायचं म्हणजे कारण लागणार. हे फाटकावर स्टुलावर बसले होते, मी चहा घेऊन गेले. कप दिला आणि तिथेच उभी राहिले.

"काय वं? काही पायजे का?"

"अकोल्याले जायचं आहे. दवाखान्यात."

"कोणाले काय झालं?"

इथे जाऊ चालणार नव्हती, ती तर ह्यांची वहिनी. मी फाटकाच्या सळीकडे पाहत सगळं सांगितलं. धाकट्याच्या वेळचं, वेचणीचं, मोरीतल्या भिंतीचं. हे कप हातात धरून ऐकत राहिले. चहावर साय धरली. मग म्हणाले, "म्हणून तू हासत नाईस?"

"म्हणून."

"मले वाटे, गाव सोडलं म्हणून. मनात म्हणो, वावर सोडून हिले इथं आणलं, तवापासून हासलीच नाई. इतकी वर्सं मी तेच धरून बसलो."

"काहीतरीच तुमचं!" मी म्हणाले. "इथं नळ आहे!"

ते माझ्याकडे पाहतच राहिले आणि मग त्यांनाच हसू फुटलं. चहा सगळा शर्टावर सांडला. "जाय," म्हणाले, "जाय अकोल्याले. उद्याच जाय. पोळ्यांचं मी सांगतो."

खाला सोबत आली. "मैं तेरी जेठानी बनके आती," ती बडनेऱ्याला गाडीत चढताना म्हणाली. "कोई तो असली चाहिए." मूर्तिजापूरपर्यंत ती डब्यातल्या बायकांना आपण कसं उडतो ते सांगत होती. एक म्हातारी तिला मनापासून म्हणाली, "पीराले दाखव माय."

अकोल्याचा दवाखाना पडद्यावरच्यासारखा मुळीच नव्हता. पांढरा नव्हता, दार हिरवं नव्हतं, बाहेर रसवंतीची घंटी वाजत होती आणि आत ही गर्दी. विचारत विचारत आम्ही डॉक्टरीणबाईंच्या खोलीपाशी पोचलो. दार उघडं होतं. खाला चपलेचा पट्टा लावायला मागे थांबली. मी पुढे झाले आणि उंबऱ्याशी थांबले. हात चौकटीवर गेला.

आत पांढऱ्या कोटातल्या चार-पाच मुली एका टेबलाभोवती उभ्या होत्या. कुणी वर पाहत नव्हतं. मला गावची ती बस आठवली. मागे वळावं असं वाटलं, अगदी पाय वळले.

तेवढ्यात त्यातल्या एकीने सहज दाराकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. तिला वेण्या नव्हत्या, केस बारीक कापलेले होते आणि ती सावळी, बुटकी होती. ती मला पहिल्यांदाच पाहत होती. तरी ती हातातलं सगळं टेबलावर टाकून धावत उंबऱ्यावर आली.

"अमरावतीच्या मावशी ना? या ना मावशी, या!"

आवाज तोच. मी म्हणाले, "तुले कसं कळलं?"

"असं दारात कोण उभं राहतं तुमच्याशिवाय?"

मी आत गेले. डॉक्टरीणबाई निळ्या साडीत नव्हत्या, पण आवाज त्यांचाच होता. "आणि जाऊबाई कुठे आहेत?" त्यांनी माझ्या मागे पाहत विचारलं.

मी खाली पाहिलं. आता चेहरा माझाच होता आणि पुढे धरायला बाहुली नव्हती. मागून खालाने माझ्या पाठीत हात दिला आणि मला एक पाऊल पुढे ढकललं.

"मीच जी," मी म्हणाले. "माहंच आहे."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "बसा."

तपासणी झाली. लाज वाटली, पण जितकी वाटेल असं वाटलं होतं तितकी नाही. केस कापलेल्या मुलीने माझा हात धरून ठेवला होता. त्यांनी कडी बसवली, व्यायाम शिकवला, कणकेची मोठी परात उचलायला मनाई केली. ऑपरेशन पुढे दिवाळीनंतर झालं, तेही नीट झालं. पण मला तो पहिला दिवसच जास्त आठवतो. खोलीतून बाहेर पडून मी दवाखान्याच्या पायऱ्या उतरले आणि खालच्या पायरीवर आल्यावर लक्षात आलं, की मी पाय आवळलेले नाहीत. मग मी उगाच पुन्हा वर गेले आणि पुन्हा उतरले. खाला म्हणाली, "अब क्या भूल गई?" मी म्हणाले, "काई नाई. चालून पाहून राहिली."

अकोल्याहून परतल्यावर थोड्याच दिवसांत, परीक्षेच्या आधी, मुलींनी शेवटचं एकदा सगळ्यांना कॉम्प्युटरवर बोलावलं. अकोल्याच्या मुलींनी दवाखान्यात बदल केला होता. दारात एक बाहुली कायमची उभी केली होती. कुणीही आलं की ती आपोआप म्हणायची, या, बसा. आम्ही आलो, तिने बोलावलं, आम्ही एकेक करून आत शिरलो. आता आम्हांला सवय झाली होती. आत सतरंजीवर बसलो आणि मुली मॅडमना काय काय शिकलो ते सांगायला लागल्या. सगळं गंभीर चाललं होतं.

खाला मात्र खाली आली नव्हती. ती वर होती. तिला विहिरीवरून एक शेवटची घिरटी मारायची होती. मॅडम बोलत असताना तिने उतरायचं बटण दाबलं, आणि तिची बाहुली, हिरवी साडी, वर पाय खाली डोकं, सरळ विहिरीत गेली. दवाखान्याच्या दारातून आम्हांला विहिरीच्या वर फक्त दोन पाय दिसत होते. आणि खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यातून खालाचा शांत आवाज आला, "पानी नहीं है इसमें."

आमच्या मुली त्या विहिरीत पाणी घालायला विसरल्या होत्या.

मी हसले. मोठ्याने हसले. इतकी, की चष्मेवाली दचकून माझ्याकडे पाहायला लागली, मग मॅडम, मग कानातून अकोलाही विचारायला लागलं, की कोण हसतंय. कुणी ओळखलं नाही, कारण माझं हसणं त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मी हसत होते, खुर्चीतच बसून, आणि माझे दोन्ही हात टेबलावर होते.